डिप्लोमाच्या पोराला कुठे पाठवायचं: इंटर्नशिप, 'ट्रेनी' की अप्रेंटिसशिप?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा धाकटा भाऊ खानापुरातून रोज ये-जा करून बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमा करतोय. पाचवं सेमिस्टर संपत आलंय आणि सहाव्याला सोळा आठवडे कारखान्यात जायचं आहे. मच्छेची एक फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा कारखाना, घ्यायला तयार आहे, पण पैसे देणार नाही. वर्गातली काही पोरं फी भरून घरबसल्या ऑनलाइन इंटर्नशिप उरकताहेत. ओळखीतले एक जण पास झाल्या झाल्या उद्यमबागेत आपल्या मशीन शॉपमध्ये महिना बारा हजारांवर 'ट्रेनी' म्हणून घेतो म्हणालेत. आणि कुणीतरी सांगितलंय की एक वर्ष अप्रेंटिसशिप कर, जमलं तर कागलला कर. यातलं चांगलं कोणतं, आणि अप्रेंटिसशिपमध्ये आणखी एक वर्ष वाया जाणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

मी तेरा वर्षं उद्यमबागेत मशीन शॉप आणि इन्स्पेक्शनमध्ये काढली. त्यानंतरची अकरा वर्षं डिप्लोमाच्या मुलांना कारखान्यांत पाठवायचं आणि पाठवल्यावर तिथं जाऊन बघायचं काम करतोय. माझं मत आधीच सांगतो: सोळा आठवड्यांसाठी फौंड्रीच घ्या, आणि पास झाल्यावर नोंदणी झालेली अप्रेंटिसशिप. बारा हजारांच्या जागेला आत्ता होय म्हणू नका. तेच मालक रीतसर करार करायला तयार असतील तर मात्र तीच जागा सगळ्यांत चांगली ठरू शकते.

गोंधळ होतो तो नावांमुळे. इन-प्लांट ट्रेनिंग, इंटर्नशिप, ट्रेनी, अप्रेंटिस ही सगळी नावं आपल्याकडे कुणीही कशालाही देतं. मी असे कारखाने बघितलेत जिथं 'इंटर्न' म्हणून घेतलेला पोरगा तीन महिने फक्त फेटलिंगचा, म्हणजे ओतीव भाग साफ करायचा, माल ट्रॉलीत भरत होता, आणि असाही एक छोटा शेड बघितलाय जिथं कुठलंच नाव न देता मालकाने पोराला ड्रॉइंगपासून डिस्पॅचपर्यंत सगळं दाखवलं. म्हणून नाव सोडा. भावाचं नाव कुठल्या कागदावर चढणार आहे आणि त्याला आपल्या हाताखाली कोण घेणार आहे, एवढं विचारा.

कागदाचं आधी. सेमिस्टरमधली इंटर्नशिप ही अभ्यासक्रमाचा भाग असते. तुमचा भाऊ तेव्हा विद्यार्थीच असतो, त्याची जबाबदारी कॉलेजची असते, आणि कारखान्याला त्याला पैसे देण्याचं बंधन नसतं. म्हणून फौंड्री पैसे देत नाही याचा राग धरू नका. कॉलेजचं पत्र, कारखान्याचं स्वीकारपत्र आणि अपघात विमा या तीन गोष्टी पक्क्या झाल्या की पुरे. विम्याचं कॉलेजला स्पष्ट विचारा, बऱ्याचदा तो काढलेला असतो पण मुलांना माहीत नसतो.

अप्रेंटिसशिपचं तसं नाही. तिच्यामागे १९६१ चा अप्रेंटिसेस कायदा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने डिप्लोमा आणि पदवीधर इंजिनिअर त्यात आले. करार लेखी होतो, सरकारी पोर्टलवर नोंदला जातो, कालावधी ठरलेला असतो. कामाचे तास ठरलेले असतात आणि अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या (कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. नगावर पैसे देऊन काम करून घेण्यालाही कायद्याने बंदी आहे. ही अट फार महत्त्वाची आहे. नगावर बसवलेलं पोरगं शिकत नाही, ते फक्त एकच काम भराभर करायला लागतं. कारखान्याच्या सुरक्षेचे नियम अप्रेंटिसला कामगारासारखेच लागू होतात, आणि कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्कही तसाच मिळतो.

'ट्रेनी' या शब्दामागे मात्र यातलं काहीच नसतं. तो कामगार म्हणून हजेरीपटावर असेल, ईएसआय (कामगार विमा) आणि पीएफ कापला जात असेल, तर ती सरळ नोकरी आहे आणि त्यात काही वाईट नाही. पण 'आधी सहा महिने ट्रेनी म्हणून बघू, पगार रोख देतो' असं असेल, तर तो ना विद्यार्थी, ना अप्रेंटिस, ना कामगार.

हे इतकं ठासून का सांगतोय, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा एक मुलगा पास होऊन एका कारखान्यात असाच ट्रेनी म्हणून लागला. जागा मीच सुचवली होती. तिसऱ्या महिन्यात त्याला माणूस कमी आहे म्हणून ग्राइंडिंगवर उभं केलं. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, हातातून निसटलं आणि डाव्या हाताची दोन बोटं व्हीलवर गेली. पहिल्या दिवशीचं बिल मालकाने भरलं. त्यानंतर 'तो आमचा कामगार नाही, कॉलेजकडून शिकायला आला होता' असं सुरू झालं. कॉलेज म्हणालं, तो पास होऊन गेलाय. हजेरीपटावर नाव नाही, ईएसआय नाही, करार नाही. मी तीन वेळा त्या केबिनमध्ये जाऊन बसलो, हातात दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. त्याची दोन्ही बोटं अजून पूर्ण वळत नाहीत. मायक्रोमीटर तो उजव्या हाताने धरतो आणि पीस डाव्या तळहातावर ठेवून मोजतो. तेव्हापासून करार बघितल्याशिवाय मी एकाही मुलाला पास झाल्यावर कुठे पाठवलेलं नाही.

आता पैशाचं, कारण घरात तोच हिशोब होतो आणि व्हायलाच पाहिजे. २०१९ च्या नियमांनी किमान स्टायपेंड आयटीआयवाल्याला महिना ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० ठरवला. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने यात ३६ टक्के वाढ करण्याची शिफारस केली, त्यामुळे करार होईल त्या दिवशी पोर्टलवर कोणता आकडा आहे तो बघून घ्या. हा किमान आकडा आहे, कारखाना जास्त देऊ शकतो आणि चांगले कारखाने देतातही. डिप्लोमा आणि पदवीधरांसाठी नॅट्स नावाची योजना आहे, तिच्यात किमान स्टायपेंडचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं. आयटीआय आणि इतर ट्रेडसाठी नॅप्स आहे, त्यात सरकार स्टायपेंडच्या पंचवीस टक्के, पण महिना १,५०० पर्यंतच देतं.

म्हणजे ८,००० धरले तर बारा हजारांच्या जागेशी वर्षाला ४८,००० चा फरक पडतो. खानापूरसारख्या ठिकाणाहून येणाऱ्या घराला तो लहान नाही, हे मला कळतं. पण ओळखीच्या त्या मालकांशी बोलताना हेच गणित त्यांच्यासमोर मांडा. त्यांनी भावाला नॅट्सखाली अप्रेंटिस म्हणून घेतलं तर किमान स्टायपेंडमधला अर्धा भार सरकार उचलतं आणि वरचे पैसे त्यांनी स्वतःचे घातले तरी त्यांचा खर्च बारा हजारांहून कमी होतो. शिवाय तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, कंत्राटी माणसं धरून संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के. चाळीस माणसांच्या शेडला निदान एक घ्यावाच लागतो. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक आहे. बरेच छोटे मालक वाईट नसतात, त्यांना पोर्टलची कटकट नको असते एवढंच. दोन ठिकाणी मी स्वतः मालकाच्या कॉम्प्युटरवर बसून नोंदणी करून दिली आहे, आणि त्या दोन्ही ठिकाणी आज दरवर्षी मुलं घेतात.

वर्ष वाया जाण्याचं म्हणाल तर, वर्षअखेरीस नॅट्सखाली प्रावीण्य प्रमाणपत्र मिळतं आणि ते रोजगार कार्यालयात अनुभव म्हणून नोंदवता येतं. मात्र एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा: अप्रेंटिसशिप संपल्यावर त्याच कारखान्याने नोकरी दिलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. करारात तसं लिहिलं नसेल तर वर्षभरानंतर 'थँक यू' म्हणू शकतात. म्हणून दहाव्या महिन्यापासून दुसरीकडे अर्ज सुरू करायचे. आणि एकदा अप्रेंटिसशिप केली की त्याच पातळीवर पुन्हा करता येत नाही, म्हणून मिळेल त्या पहिल्या ठिकाणी घाईने करार करू नका.

त्या वर्षात नेमकं काय घडतं, हे एका प्रसंगाने सांगतो, कारण कायद्याच्या कलमांत ते दिसत नाही. आपल्याकडे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणारे बरेच कारखाने आहेत. त्यातल्या एकात आमची एक मुलगी अप्रेंटिस होती, चौथा महिना. व्हॉल्व्हच्या कास्ट आयर्नच्या बॉडीला २५ मिलिमीटरचा बोअर (भोक), टॉलरन्स एच-सात, म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ मध्येच हवं. ती मशीनवरून पीस काढायची, लगेच बोअर गेज घालायची, २५.००३ यायचं, ओके म्हणून ट्रेमध्ये ठेवायची. इन्स्पेक्शनचे काका, पन्नाशीतले, वडगावचे, कानडी-मराठी मिसळून बोलणारे, काहीच बोलले नाहीत. त्यांनी तिच्या ट्रेमधले पाच पीस उचलून सरफेस प्लेटवर ठेवले आणि म्हणाले, 'जेवून ये.' जेवून आल्यावर तेच पीस, तेच गेज, आणि काटा २४.९९८ वर. पीस गरम असताना बोअर फुगलेला असतो, वीस अंशांच्या फरकाला पंचवीसच्या बोअरमध्ये पाचेक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सहज जातात. स्पूल, म्हणजे बोअरमध्ये सरकणारा दांडा, आणि बॉडीमधली फटच मुळात काही मायक्रॉनची, त्यात पाच म्हणजे व्हॉल्व्ह अडकणार. वर्गात थर्मल एक्सपान्शन तिने दोनदा लिहिलं होतं आणि त्यात मार्कही चांगले होते. पण ते तिला कळलं त्या दिवशी दुपारी. ते पाच पीस स्क्रॅप झाले नाहीत, होनिंगला, म्हणजे बोअर घासून मापात आणायला, परत गेले, म्हणजे चूक महाग पडली नाही, पण सगळ्यांनी बघितली. शिकायची खरी जागा ती असते जिथं चूक लपवता येत नाही आणि तिच्यासाठी पगारही कापला जात नाही. बारा हजारांच्या ट्रेनीला पहिल्या आठवड्यापासून प्रॉडक्शनचा आकडा द्यावा लागतो, त्याला जेवून यायला कोण सांगणार?

म्हणून हाताखाली घेणारा माणूस कोण हे विचारा म्हणतो. कारखाना दाखवायला मालक किंवा एचआर येतो, पण शिकवणारा वेगळा असतो. त्याचं नाव विचारा, तो किती वर्षं तिथं आहे ते विचारा, शक्य असेल तर त्याला भेटूनच या.

आता तुमच्या फौंड्रीकडे येतो. मच्छे, उद्यमबाग, नावगे, काकती, होनगा हा सगळा पट्टा कास्टिंग आणि मशीनिंगवर उभा आहे. मेकॅनिकलच्या पोराने एकदा तरी फौंड्रीत सोळा आठवडे काढावेत असं मला मनापासून वाटतं. पुढे तो मशीन शॉपमध्ये जाईल तेव्हा ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमध्ये वायूमुळे राहिलेलं पोकळ भोक, टूलखाली उघडं पडल्यावर ते कुठून आलं हे त्याला माहीत असेल. पण 'या, बघा, फिरा' अशी इंटर्नशिप नको. पहिल्याच दिवशी सुपरवायझरला विनंती करा की त्याला पॅटर्न शॉप, सँड प्लांट, कोअर, मोल्डिंग, मेल्टिंग, फेटलिंग आणि इन्स्पेक्शन असं दोन-दोन आठवडे फिरवा. त्यातला सँड लॅबचा काळ चुकवू देऊ नका. ग्रीन सँडमधला, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूतला, ओलावा साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास सांभाळावा लागतो, तो थोडा इकडेतिकडे झाला की कास्टिंग बोलायला लागतं. पर्मिएबिलिटी (वाळूतून हवा किती जाते) आणि कॉम्प्रेशन स्ट्रेंग्थची (वाळू दाबाला किती टिकते) टेस्ट त्याने स्वतःच्या हाताने रोज करायला हवी.

उरलेले दोन आठवडे आणि खरं तर सगळे सोळा आठवडे एका गोष्टीसाठी ठेवायचे: रिजेक्शन रजिस्टर, म्हणजे नाकारलेल्या मालाची नोंदवही. त्यातला एक दोष निवडायचा, समजा सँड ड्रॉप (साच्यातली वाळू सुटून पडणं) किंवा ब्लोहोल, आणि रोज त्याच्या मागे लागायचं. कुठल्या शिफ्टला जास्त, कुठल्या पॅटर्नला, त्या दिवशी ओलावा किती होता. वहीत रोज चार ओळी. या वहीवर त्याला नंतर नोकरी मिळेल असं मी उगाच म्हणत नाही, पण मुलाखतीत त्याला सांगायला स्वतःचं काहीतरी असेल. प्रमाणपत्र सगळ्यांकडे असतं.

सुरक्षेचं मात्र घट्ट धरा. सेफ्टी शूज, गॉगल आणि मेल्टिंगला नायलॉनचे कपडे नकोत, सुतीच घालायचे. भट्टीजवळ ओली वस्तू टाकू नये हे त्याला सांगितलं असेलच, तरी तुम्हीही सांगा. आणि विद्यार्थ्याने ग्राइंडिंग व्हीलवर किंवा वितळलेला धातू नेणाऱ्या लॅडलवर काम करायचं नाही, बघायचं. तसं करायला सांगितलं तर कॉलेजला फोन.

ऑनलाइन इंटर्नशिपवर फार लिहीत नाही. कॅड किंवा सिम्युलेशनचं खरं काम घरून होतं आणि कुणी खऱ्या प्रोजेक्टवर घेत असेल तर चांगलंच. पण ज्यात तुम्ही पैसे भरता, व्हिडिओ बघता आणि शेवटी पीडीएफ मिळते, तो क्लास आहे. मेकॅनिकलच्या पोराने सोळा आठवडे त्यात घालवू नयेत.

कागलचं विचारलंत. निपाणीच्या मुलांना कागल-हातकणंगलेची फाइव्ह स्टार एमआयडीसी हाकेच्या अंतरावर आहे, आणि तिथं मराठीत कारभार असल्याने आपल्या मुलांना बरं वाटतं. पण खानापूरहून कागलला रोज ये-जा होणार नाही, राहावं लागेल, आणि मग ८,००० मधून खोली, मेस वजा करा. नियमाने अडचण काही नाही. कर्नाटकातला डिप्लोमा महाराष्ट्रातल्या कारखान्यात अप्रेंटिसशिपला चालतो. फक्त कारखाना बेळगावात असेल तर काम चेन्नईच्या दक्षिण विभाग अप्रेंटिसशिप मंडळाकडे जातं आणि कागलला असेल तर मुंबईच्या पश्चिम विभागाकडे, एवढा फरक. महाराष्ट्र सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेबद्दलही लोक विचारतात. तिला महाराष्ट्राचं अधिवास लागतं, म्हणून चंदगड-गडहिंग्लजकडून बेळगावात शिकायला येणाऱ्यांनी ती जरूर बघावी. केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली तेव्हा वयाची अट २१ ते २४ होती. त्या अटीत डिप्लोमा करून एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडणारा भाऊ बसत नाही.

भाषेची भीती तुमच्या प्रश्नात मधे कुठेतरी होती. उद्यमबागेच्या शॉप फ्लोअरवर मराठी, कानडी, हिंदी सगळं चालतं, भावाला पहिल्या दिवसापासून बोलता येईल. पण सूचनाफलक, सुरक्षेचे बोर्ड आणि काही फॉर्म कानडीत असतात. सोळा आठवड्यांत ते वाचण्यापुरती कानडी अक्षरं त्याने शिकावीत. 'धोका' कुठे लिहिलंय हे कळणं ही सुरक्षेची गोष्ट आहे, तिच्यात वाद आणू नये.

तुमच्या ओळखीत इतर शाखांची मुलं असतील म्हणून थोडं. साखर कारखान्यात जाणार असेल तर केमिकल किंवा बीएस्सीवाल्याने गाळप हंगामात जावं, मेकॅनिकलवाल्याने हंगाम संपल्यावर, कारण ओव्हरहॉलिंगला मिल आणि टर्बाइन उघडलेली तेव्हाच बघायला मिळतात. हंगामात सगळं बंद कव्हरखाली फिरत असतं आणि कुणाला बोलायला वेळ नसतो. डी. फार्मसीला तीन महिन्यांत किमान ५०० तास प्रॅक्टिकल ट्रेनिंग लागतं, ते ज्या मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट खरोखर हजर असतो तिथंच करा. सीएची आर्टिकलशिप २०२३ पासून दोन वर्षांची झाली आहे. बेळगावातल्या जीटीटीसी या सरकारी प्रशिक्षण केंद्राच्या टूल अँड डाय मेकिंग डिप्लोमात तीन वर्षांनंतरचं चौथं वर्ष पूर्ण कारखान्यात असतं, आणि त्या मुलांना मी अप्रेंटिसशिपचा आग्रह करत नाही, त्यांचे हात आधीच तयार झालेले असतात. बी.ई.वाल्यांच्या व्हीटीयू या तंत्रशिक्षण विद्यापीठाच्या २०२२ च्या स्कीममध्येही शेवटच्या वर्षात चौदा ते वीस आठवड्यांची इंटर्नशिप आहे, आणि फौंड्रीबद्दल वर लिहिलं ते त्यांनाही तसंच लागू पडतं.

आता लगेच करायचं ते एवढंच. भावाचं दहावीचं मार्क्स कार्ड, आधार आणि बँक पासबुक एकत्र ठेवून नाव ताडून बघा. आपल्याकडे मार्क्स कार्डावर वडिलांचं नाव नुसत्या आद्याक्षराने असतं आणि आधारवर पूर्ण असतं. सरकारी वाटा थेट खात्यात येतो, आणि स्पेलिंगच्या एका अक्षरासाठी चार-चार महिने अडकलेली मुलं मी बघितली आहेत. दुरुस्ती सहाव्या सेमिस्टरच्या आत करून घ्या. मग नॅट्सच्या पोर्टलवर त्याची नोंदणी निकाल लागल्या लागल्या करा. आणि त्या ओळखीच्या मालकांकडे एकदा भावाला घेऊन जा. त्यांना विचारा, अप्रेंटिस म्हणून करार कराल का. आणि भावाला विचारू दे, मला शिकवणार कोण. ते आत हाक मारून कुणाला बोलावतात ते बघून या आणि मला इथंच कळवा, पुढचं त्यावर बोलू.